तीन मिलिमीटरची पाणथळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन आमच्या निफाड तालुक्यात हौसेने साजरा होतो. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेली राज्यातली पहिली पाणथळ म्हणजे आमचे नांदूर मध्यमेश्वर, तेव्हा कौतुक असणारच. प्रभातफेरी निघते, घोषवाक्ये होतात, चित्रकला स्पर्धेत रोहित पक्षी गुलाबी रंगात न्हातात. पण फेरीच्या पुढे चालणाऱ्या आम्हा शिक्षकांपैकी स्थलनिर्देशक नकाशावर, ही पाणथळ जिथे आहे त्या गोदावरी-कादवा संगमावर पटकन बोट ठेवणारे किती निघतील, याची मला शंका आहे. मी भूगोल शिकवते, म्हणून हे अधिक टोचते.

दोष शिक्षकांचा नाही. पर्यावरणावरच्या एका प्रशिक्षणात आम्हाला दिवसभर पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवल्या. पाणथळीची व्याख्या होती, फायदे होते, चहा-बिस्किटे होती. नकाशा मात्र एकही नव्हता.

नकाशा का हवा, ते सांगते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या प्रतिमांवरून २०११ मध्ये देशाची पाणथळ नकाशावली तयार केली. तीत ७ लाख ५७ हजार ६० पाणथळ जागा आहेत. त्यांतल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या तेवढ्या, म्हणजे २ लाख १ हजार ५०३, आकारासह आखलेल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षणाचा आदेश दिला तो यांच्याबाबत. उरलेल्या साडेपाच लाखांच्या वाट्याला नुसता ठिपका आला. सव्वादोन हेक्टर म्हणजे साधारण दीडशे मीटर लांब, दीडशे मीटर रुंद. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ती जागा तीन मिलिमीटरच्या चौकोनात मावते. गावाकडेचे तळे, नाल्याकाठची दलदल याहून लहानच असते. एखाद्या उन्हाळ्यात तिथे मुरूम पडला, तर आधी काय होते हे दाखवणारा कागद गावात तरी असायला नको का?

असा कागद शाळेतली मुले करू शकतात. त्यासाठी आधी शिक्षकाची नजर तयार व्हायला हवी. हवाई छायाचित्रात किंवा उपग्रहाच्या रंगीत प्रतिमेत जलपर्णीचा हिरवा पट्टा हुबेहूब उसाच्या फडासारखा दिसतो. शेताला बांधाची सरळ कड असते, जलपर्णीला नसते. आणि वेगळ्या तारखेची प्रतिमा शेजारी ठेवली की वाऱ्याने सरकलेली जलपर्णी लगेच ओळखू येते, ऊस काही जागचा हलत नाही. पाणकणीस ही उंच पाणवनस्पती मात्र मुळे धरून एका जागी उभे राहते, तिथे काठावर जाऊनच खात्री करावी लागते. हे पडद्यावर वाचून येत नाही. हातात छापील प्रतिमा आणि पायाखाली चिखल असला की अर्ध्या दिवसात येते.

खर्चाची सबब चालणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता नोंदणी करून संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात आणि उपग्रह प्रतिमा दाखवणारे इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ मोबाइलवरही उघडते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वन विभागाला सोबत घेऊन तालुक्यातल्या भूगोलाच्या शिक्षकांना सकाळी नकाशा आणि दुपारी प्रत्यक्ष काठ, असे शिकवावे. (हे वाचून शिक्षकांकडूनच पाणथळींची गणना करून घ्यावी, असे कुणाच्या मनात आले असेल तर कृपया आवरावे. अशैक्षणिक कामे पुरेशी आहेत.)

हे प्रशिक्षण एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात ठेवावे, कारण भरलेल्या आणि आटलेल्या पाण्याच्या कडा दोन्ही आखल्याशिवाय पाणथळीची हद्द कळत नाही. मेमध्ये आम्हाला सुट्टी असते, पण त्यातला एक दिवस द्यायला माझ्यासारखे बरेच जण तयार होतील.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, ता. निफाड, जि. नाशिक