अनूचं कॉलेज: बाबांच्या वहीसाठी सगळा हिशेब

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला, तेव्हाच कळलं की हे लिहूनच सांगावं लागणार. निर्णय झालाय, फीसुद्धा भरली. अनू ऑगस्टपासून इथल्याच ओलोनी या कम्युनिटी कॉलेजला जाणार, दोन वर्षं, आणि मग युनिव्हर्सिटी. ती कुठे नापास झाली नाही, आमची नोकरी गेली नाही, आणि सुधाकाकांच्या वेळचा प्रकार तर मुळीच नाही.

बाबा, कम्युनिटी कॉलेज म्हणजे तुमच्या डोक्यात रात्रशाळा आहे. तसं नाही ते. कॅलिफोर्नियात 1960 पासून आराखडाच असा आहे की पहिली दोन वर्षं इथे काढून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाता येतं. पदवीवर नाव युनिव्हर्सिटीचंच. फी एका युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) 46 डॉलर. सेमिस्टरची 15 युनिटं धरा, म्हणजे 690, वर्षाचे 1380. पुस्तकं आणि पार्किंग वेगळं. युनिव्हर्सिटीत थेट गेली असती तर नुसती ट्यूशन वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, राहणं-खाणं धरून चाळीस हजारांच्या वर. वहीत दोन्ही रकमा शेजारी-शेजारी लिहा आणि मग माझ्यावर रागवा.

यात खाचखळगे आहेत, ते लपवत नाही. तिला बायॉलॉजी करायचंय, आणि त्यात केमिस्ट्रीची साखळी असते. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, मग ऑरगॅनिकचे दोन, ओळीने चार सेमिस्टर. पहिल्याच सेमिस्टरला जागा मिळाली नाही की पुढचं सगळं सरकतं आणि दोनाची तीन वर्षं होतात. प्रयोगशाळेच्या जागा थोड्या, त्या आधी संपतात. म्हणून रजिस्ट्रेशन उघडलं त्या मिनिटाला ती लॅपटॉप घेऊन बसली होती (बाबा, तत्काळ तिकिटासारखंच!). वेटलिस्टवर असलं तरी पहिल्या तासाला हजर राहायचं. जागा उरली तर प्रोफेसर ॲड कोड देतात, तो टाकला की वर्गात नाव लागतं. नाव लागलेलं असूनही पहिल्या तासाला न गेलेल्यांची नावं काढली जातात, त्यातून जागा होतात.

दुसरी चूक मुलं करतात ती विषय निवडताना. नाव तेच, पण युनिव्हर्सिटी तो विषय मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, धरेलच असं नाही. त्यासाठी असिस्ट नावाची सरकारी साइट आहे. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. जोडी दिसली तरच घ्यायचा. अनूने युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसचं पान छापून फ्रिजवर लावलंय, तुमच्या औषधांच्या तक्त्यासारखं.

डेव्हिससकट सहा कॅम्पस 'टॅग' देतात, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमी. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, आणि काही विषयही वगळलेले असतात, म्हणून आधी पाहून घेतलं. हा अर्ज एकाच कॅम्पससाठी, आणि तो भरायचा दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात. त्याआधीच्या उन्हाळ्यापर्यंत 30 युनिटं पूर्ण हवीत, जाईपर्यंत 60. टॅग मिळाला म्हणजे झालं असं समजून मुलं मुख्य अर्ज विसरतात. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेगळा भरायचाच, नाहीतर हमी रद्द. जानेवारीत मार्कांची माहिती पुन्हा भरायची. आणि शेवटच्या सेमिस्टरला आळसाने एखादा विषय सोडला तर हातातली जागाही जाऊ शकते. हे मी तिला रोज ऐकवते, तुम्ही ऐकवू नका. तुमच्याकडून तिला लाडच हवेत.

आणि आई, ती घरीच आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात पोळी-भाजी, रात्री आपला आमटी-भात. तू पाठवलेला गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे. परवा तिला ताप आला तेव्हा तुझ्यासारखीच मीठ-पाण्याची पट्टी ठेवली कपाळावर. सतराव्या वर्षी हॉस्टेलवर गेली असती तर कोण ठेवणार होतं? मी पहिल्यांदा हॉस्टेलवर गेले तेव्हा तू एस. टी.च्या खिडकीतून दिलेला रुमाल अजून माझ्याकडे आहे. असो.

आता माझं ऐका. बाबा, बी. पी.ची गोळी सकाळीच घ्यायची, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढायचं नाही, वॉचमनला बोलवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. जोशीकाकूंनी विचारलंच तर सांग, अनू बायॉलॉजी करतेय, पुढे डेव्हिस. दोन्ही खरं आहे, डेव्हिस थोडं आगाऊ आहे इतकंच.

पेढे अजून वाटू नका. टॅगचं पत्र आलं की मीच सांगेन.

विषयांचा चार सेमिस्टरचा तक्ता अनूने हाताने काढलाय, सोबत ठेवलाय. अक्षर लहान आहे, चष्मा लावून बघा.

तुमची,
बेबी