गाडी बंद पडते त्याच मिनिटाला बघ

जळगाव

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

रोज धुळे-पारोळा जाणं-येणं आणि गाडी हायवेवर कधीही बंद पडते, हे कळल्यापासून जिवाला घोर लागला आहे. प्लग बदलून झाले, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर धुऊन झाला, बॅटरीही नवी आली, तरी मारुती बंद पडतेच. मिस्तरीकडे गाडी पोचते तेव्हा ती थंड होऊन नीट चालत असते आणि नीट चालणाऱ्या गाडीत बिघाड सापडत नाही. मग तो अंदाजाने एकेक सामान बदलत जातो. बिघाड हजर असतो तेव्हा गाडीजवळ फक्त तू असतेस, म्हणून तपासणी तुलाच करावी लागेल. दहा मिनिटांचं काम आहे, तुला नक्की जमेल.

आधी बंद कशी पडते ते लक्षात ठेव. चावी फिरवल्यासारखी एकदम गेली, फुरफुर नाही, आचके नाहीत, तर करंट गेला. ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ न घेता आचके देत, रडतरडत थांबली, तर पेट्रोल पोचत नाही. फक्त सिग्नलला किंवा गतिरोधकाजवळ पाय सुटला की बंद पडते आणि पाय दाबून ठेवला की चालते, तर आयडलिंगची, म्हणजे पाय सोडल्यावर इंजिन मंद चालू ठेवणारी, पेट्रोलची वाट तुंबली आहे किंवा कुठूनतरी जादा हवा आत शिरते आहे. आणखी एक बघायचं. इंजिन बंद पडलं पण चावी चालूच आहे, अशा वेळी डॅशबोर्डवर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर कार्बोरेटरला हातही लावू नकोस. बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि चावीचा (इग्निशन) स्विच तपास. चावीला जड जुडगा लटकवला असेल तर तो काढून टाक, जुन्या स्विचमधले संपर्क त्या वजनाने सैल होतात.

डिकीत एक पिशवी कायम ठेव: प्लग पाना, एक चांगला जुना प्लग, रबरी मुठीची पकड, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, सुती फडकी, पाण्याची मोठी बाटली.

गाडी बंद पडली की डावीकडे खाली घे, चारही इंडिकेटर लाव आणि लगेच बॉनेट उघड. चहा प्यायला जाऊ नकोस, तेवढ्यात इंजिन थंड होतं आणि पुरावा जातो. चावी बंद कर, एअर क्लीनरचं झाकण काढ आणि कार्बोरेटरच्या घशात वरून बघ. आता ॲक्सिलरेटरची केबल जिथे कार्बोरेटरला जोडली आहे तो लिव्हर हाताने झटकन फिरव. आतल्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची सुईसारखी धार उडाली पाहिजे. प्रत्येक झटक्याला सलग धार आली तर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत (फ्लोटच्या वाटीत) पेट्रोल आहे. थेंब टपकला किंवा काहीच आलं नाही तर वाटी रिकामी आहे, आणि दोष कार्बोरेटरच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. सेल्फ मारताना मात्र घशावर तोंड नेऊ नकोस, उलटा भडका येऊ शकतो.

धार नीट असेल तर एअर क्लीनरचं झाकण परत बसव आणि स्पार्क बघ. एका प्लगची वायर काढून पिशवीतला प्लग त्यात खोच, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकव, पकडीने धर आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांग. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळसर पांढरा, टकटक आवाज करणारा स्पार्क चांगला. पिवळा-तांबूस, बारीक स्पार्क मोकळ्या हवेत दिसतो पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझतो, म्हणून तो नाहीच असं धर.

धार आली नसेल तर सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालली, तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं छिद्र बुजलं आहे. ते नसेल तर फिल्टर, आणि मग पाइप. इथे बहुतेक जण चुकतात. टाकीपासून इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या पाइपात पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या पाइपाला चीर असली तरी बाहेर थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते आणि पंप पेट्रोलऐवजी फेस ओढतो. कोरडा पाइप म्हणजे चांगला पाइप, असं समजू नकोस. पाइप बोटांनी वाकवून बघ. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात. आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरात आणतं. नवा पाइप घेताना 'जे३० आर९' मार्काचाच माग, साधा नको.

इंजिनवरचा पंप तपासायचा तर तो घरी, इंजिन थंड असताना. कॉइलची (स्पार्कसाठी विजेचा दाब वाढवणारी ती) वायर काढ, कार्बोरेटरकडचा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोड आणि १० सेकंद सेल्फ मार. पेट्रोल ठोके देत जोराने आलं पाहिजे. बुडबुडे आले तर मागे हवा ओढली जाते आहे. त्याच वेळी डिपस्टिकचा, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीचा, वास घे. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, तर पंपाचा पडदा फाटला आहे. मग गाडी चालवूच नकोस, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

धार आहे पण स्पार्क नसेल तर पिशवीतला बल्ब घे. एक वायर कॉइलच्या प्लसला, दुसरी इंजिनला, चावी चालू. बल्ब लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही. लागला तर तीच वायर मायनसला लावून सेल्फ मार. बल्ब लुकलुकला पाहिजे. नाही लुकलुकला तर दोष प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत. टोपी उघडून बघ: आत पॉइंट (उघडझाप करणारे दोन संपर्क) असतील तर त्यांची फट ०.४ ते ०.५ मिमी हवी आणि तोंडं काळी-खडबडीत नकोत. इलेक्ट्रॉनिक असेल तर पिकअपच्या (पॉइंटऐवजी बसवलेल्या भागाच्या) बारीक वायरी बोटाने हलवून बघ. आतली प्लेट सारखी पुढेमागे सरकते, त्याने तार आतून तुटते आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. बल्ब लुकलुकतो पण स्पार्क नाही, तर कॉइल, कंडेन्सर, रोटर नाहीतर मधली जाड वायर.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशालाच उकळायला लागतो. गाडी उभी केली की बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, पंपात आणि पाइपात वाफ धरते. कॉइलही तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर शहाणी होते. दोन्हींचं लक्षण एकच: अर्धा तास थांबलं की गाडी चालू. म्हणून ओलं फडकं एका वेळी एकाच ठिकाणी ठेव. आधी इंजिनवरच्या पंपावर, दोन-तीन मिनिटं. चालू झाली तर वाफ. नाही झाली तर चावी बंद करून फडकं कॉइलच्या अंगावर ठेव, टोकांना पाणी लागू देऊ नकोस. दोन्हीकडे एकदम ठेवलंस तर गाडी चालू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही. दोष वाफेचा निघाला तर पाइप सायलेन्सरकडच्या गरम नळीपासून लांब बांधायचा आणि कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना ते बघायचं. धुताना तो काढून पातळ गॅस्केटवर भागवतात.

पाय सोडल्यावरच बंद पडत असेल तर कार्बोरेटरला जाणारी सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या झडपेची) वायर चावी चालू ठेवून काढ-लाव. टक असा आवाज यायलाच हवा. मंद चालीचं पेट्रोल सोडणाऱ्या आयडल जेटचं छिद्र केसाएवढं असतं, आपल्या काळ्या मातीच्या धुळीने ते लगेच बुजतं. हवेने साफ करायचं, तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते. जादा हवा शोधायला इंजिन चालू ठेवून गॅस्केटच्या कडांवर आणि रबरी नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा मार, वायरी आणि डिस्ट्रिब्युटर टाळून. जिथे आवाज बदलेल तिथे फट. हे सगळं झाल्याशिवाय मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू कुणाला फिरवू देऊ नकोस. फिरवलाच तर आधी हलक्या हाताने आत नेताना फेरे मोजून वहीत लिहायला लाव, म्हणजे परत जागेवर आणता येईल.

या आठवड्यात गाडी बंद पडली की तीनच गोष्टी फोनवर सांग: कशी बंद पडली, धार होती का, स्पार्क कोणत्या रंगाचा होता. टाकीकडचा पाइप मात्र वाट न बघता बदलून घे. जुन्या पाइपाचा तुकडा दुकानात दाखवूनच त्या मापाचा घे, आणि क्लिपाही नव्या टाक. रविवारी इकडे येशील तेव्हा दुपारचं निघू नकोस, सकाळी सातच्या आत धुळे सोड.

तुझे
आप्पा