वारली भिंतीचा विषय पाड्याला ठरवू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि कार्यालयांच्या कुंपणभिंतींवर हल्ली वारली चित्रं सर्रास दिसतात. छापा लावून, तैलरंगात काढलेली. अशाच एका भिंतीवर तारपा नाच पाहिला. त्यात तारपा वाजवणाराच नव्हता! पाड्यावरच्या कुठल्याही पोराने ही चूक दाखवली असती, पण कंत्राट देताना त्याला विचारतो कोण?

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. मानसन्मानाची उणीव नाही. चित्रकाराचं म्हणणं मात्र कुणाला नको असतं.

लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आत पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, पाखरं. जंगल या चित्रात पहिल्यापासून आहे. मग जंगलावर कुऱ्हाड चालली की तीही चित्रात येणारच. मुंबईतल्या आरेच्या जंगलातली झाडं ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात पडली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित, तरी तिथल्याच वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. शासकीय खर्चाने रंगलेल्या भिंतींवर यातलं काही माझ्या तरी पाहण्यात नाही.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार एकाच कलमात दिला आहे. आपण मात्र संस्कृती एका खात्यात टाकली, जंगल दुसऱ्या, आणि दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत.

म्हणून मागणी अशी. अनुसूचित क्षेत्रात भित्तिचित्रांचं काम एजन्सीला न देता ग्रामसभेकडे द्यावं. शहरातले चित्रकार, कला महाविद्यालयांतली मुलं जरूर यावीत, पण पाड्यावरच्या चित्रकारांच्या हाताखाली काम करायला. विषय पाड्याने ठरवावा, भिंतीवर चित्रकारांची नावं असावीत, मजुरी थेट त्यांच्या खात्यात जावी. चौक लिहिणाऱ्या बायकांनाही तीच मजुरी. प्रसिद्धी आणि पैसा बहुतेक पुरुषांकडे जातो, हे आपल्या खात्याला ठाऊक असेलच.

सुरुवात डहाणूतूनच करावी. तिथे कुणी भिंतीवर बंदराचं चित्र काढलं, तर चित्रावर चुना फिरवला जाणार नाही, एवढं काम सुरू होण्याआधी लेखी द्यावं.

आपला,
एक चित्रकला शिक्षक