ताईने फौजदारी कामं सोडू नयेत म्हणून

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी तुम्ही सगळे बांद्याला जमला होतात, तेव्हा आईचं पुन्हा तेच सुरू झालं, "तिका सांग, ता फौजदारी काम सोड." ताई वकील म्हणून मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर गेली आणि गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातले कच्चे कैदी तिचे अशील झाले, तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही. फोनवर मला धड बोलता आलं नाही, कारण भाऊजी एकदा आईला आणि एकदा ताईला "बरोबर आहे" म्हणत होते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं. मधल्या खूनबिनांच्या गोष्टी गाळू नका, मला जे सांगायचंय ते त्यातच आहे.

मी इथे कोर्टात दुभाषी म्हणून जाते हे तुम्हाला माहीत आहे, पण म्हणजे मी नेमकी कुठे बसते ते आईला कधी सांगितलं नाही. मी आरोपीच्या कानाला लागून बसते. न्यायाधीश बोलतात ते हलक्या आवाजात त्याला हिंदीत, क्वचित मराठीत सांगत राहायचं. वकील एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पाठीमागे शेरीफची दोन माणसं. आपल्याकडे कोर्टात पोलीस असतात तसे इथे काउंटीच्या शेरीफचे. माणूस तापट असेल तर ते मला आधीच बाजूला घेऊन सांगतात: हा डावखुरा आहे, तू उजवीकडे बस, खुर्ची टेबलात घुसवू नको, सरकायला जागा ठेव, पेन टेबलावर सोडू नको. त्याला काही लिहायचं असेल तर बोटभर लांबीचं, रबरासारखं वाकणारं पेन देतात. हातात धरलं की लुळं पडतं, सहीसुद्धा सरळ येत नाही. पण पेनाची भीती उगाच नाही. २०१४ साली सॉल्ट लेक सिटीच्या फेडरल कोर्टात एक आरोपी पेन घेऊन साक्षीदाराच्या अंगावर धावला आणि मार्शलने, म्हणजे फेडरल कोर्टाच्या बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने, त्याला तिथेच गोळी घातली.

आईला वाटतं, धोका म्हणजे बेड्या घातलेला राक्षस. तसं नसतं. धोका असतो तो बेडी काढण्याच्या दोन मिनिटांत. अटलांटात ११ मार्च २००५ ला जे झालं ते इथले शेरीफवाले अजून एकमेकांना सांगतात. बलात्काराच्या खटल्यातला धिप्पाड आरोपी, दोनच दिवस आधी त्याच्या बुटांत धातूचे दोन धारदार तुकडे सापडलेले. न्यायाधीश आणि वकील दोघांनी जादा बंदोबस्त मागितलेला. आणि त्या सकाळी त्याच्यासोबत होती शेरीफची एकटी एक्कावन्न वर्षांची महिला डेप्युटी. ज्यूरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, साध्या कपड्यांत जायचं म्हणून तिने त्याच्या बेड्या काढल्या, त्याने तिला चेंदामेंदा होईस्तोवर मारलं आणि तिच्या पिस्तुलापर्यंत पोहोचला. न्यायाधीश, स्टेनोग्राफर, बाहेर एक पोलीस, आणि पळून गेल्यावर आणखी एक अधिकारी, असे चार जीव गेले. कॅमेरा लावलेला होता. पडद्यासमोर बघणारं कोणी नव्हतं. त्या बाईला दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचा राग येतो. ड्यूटी लावणाऱ्याने तिला एकटीला लावली होती.

यावर आई म्हणेल, मग बेड्या काढायच्याच कशाला? याच प्रकरणानंतर दोन महिन्यांनी, मे २००५ मध्ये, इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यूरीला दिसतील अशा बेड्या विनाकारण घालता येणार नाहीत. घालायच्या तर त्याच आरोपीबद्दल ठोस कारण हवं. साखळीतला माणूस पाहिला की ज्यूरीने मनातल्या मनात निकाल लावलेलाच असतो. म्हणून इथे दोन्ही बाजूंच्या टेबलांना खालपर्यंत झालर लावतात, फक्त आरोपीच्या टेबलाला लावली तर कळेल ना! ज्यूरी आत यायच्या आधी त्याला बसवून ठेवतात. कोणाच्या पँटखाली गुडघ्याला कुलूप लागणारी पट्टी असते. धावायला गेला की पाय ताठ. मी शेजारी बसते म्हणून मला ती उठता-बसता ऐकू येते.

आपल्याकडे तर हे त्याच्या पंचवीस वर्षं आधी ठरलं. १९८० साली न्या. कृष्णा अय्यरांनी प्रेमशंकर शुक्ला खटल्यात लिहिलं की सरसकट बेड्या म्हणजे अमानुष. ताईने पाठवलेल्या वर्णनात मला सगळ्यात आवडलं ते हेच: म्हापशाला एस्कॉर्टचा पोलीस आरोपीच्या बोटांत बोटं गुंतवून त्याला व्हरांड्यातून आणतो, जत्रेत हरवू नये म्हणून पोराला धरतात तसा. अमेरिकन माणसाला हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सराईत, पूर्वी पळालेले, खून, बलात्कार, अमली पदार्थ असल्या गुन्ह्यांत बेड्या घालायची मुभा दिली आहे, कोर्टात आणतानासुद्धा. गोव्यात अमली पदार्थांच्या केसेस काही कमी नाहीत, तेव्हा ताईला हे दृश्य वाढतं दिसेल. मुभा म्हणजे सक्ती नव्हे, एवढं तिने अर्जात लिहीत राहावं.

लास वेगासचा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवरही फिरला होता, जानेवारी २०२४ चा. डायसवरून उडी मारून न्यायाधीशबाईंच्या अंगावर पडलेला तो माणूस. आईने तो बघूनच धसका घेतलाय, मला खात्री आहे. पण तो तुरुंगातून आणलेला नव्हताच, घरून स्वतःच्या पायांनी आला होता. बाईंनी त्याला तुरुंगात पाठवायचं ठरवलं, ते ऐकल्यावर तो उसळला. शिक्षा ऐकायची वेळ ही सगळ्यात वाईट वेळ. पाच दिवसांनी त्याला साखळ्या घालून, तोंडावर मास्क लावून परत उभा केला आणि त्याच बाईंनी अर्धवट राहिलेली शिक्षा वाचून पुरी केली. आईला एवढा भाग कोणी पाठवला नसणार.

बाबा, तुम्ही पर्वरीवरून जाताना दर वेळी 'ओ कोकेरो' हॉटेलकडे बोट दाखवून खुनी चार्ल्स शोभराजची गोष्ट सांगायचात. १९८६ साली मुंबई पोलिसांतल्या आपल्या मधुकर झेंड्यांनी त्याला तिथे जेवणाच्या टेबलावर धरलं. पण तो तिहारमधून सुटला कसा? कोणावर हात उचलून नव्हे, पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खिलवून. गोड बोलणारा, नाव विचारणारा, "घरी कोण असतं मॅडम" म्हणणारा अशील आला की ताईने जास्त सांभाळावं. इथे मला बजावलंय की आरोपीला आपलं आडनावसुद्धा सांगायचं नाही. मराठी माणूस समोर असला की हे फार जड जातं, कारण त्याचा पहिलाच प्रश्न "तुम्ही कुठल्या?" हा असतो.

आणि कोर्टात मार फक्त आरोपीच देतो असं कुठे आहे? २००४ मध्ये नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला त्याच्या वस्तीतल्या बायकांच्या जमावाने कोर्टरूममध्येच संपवला. त्याने वस्तीचा जो छळ केला होता तो वाचून कोणालाही त्या बायकांची बाजू घ्यावीशी वाटेल, मलाही वाटली. पण त्या दिवशी पोलिसांच्या ताब्यात, म्हणजे त्यांच्या भरवशावर, होता तो तोच. २०२१ मध्ये दिल्लीच्या रोहिणी कोर्टात गँगस्टरला मारणारे दोघे वकिलाच्या वेशात आत गेले होते. काळा कोट दिसला की दारावरचा शिपाई बाजूला सरतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. ताईने निदान स्वतःची पिशवी तपासायला द्यावी आणि बार असोसिएशनमध्ये कुरकुर करणाऱ्यांत सामील होऊ नये. माझा डबा इथे रोज यंत्रातून जातो. पोह्यांना आता कोणी हरकत घेत नाही, चमच्याला मात्र घेतात.

इथल्या लोकांना विचारलं तर फौजदारीपेक्षा घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या कोर्टाला ते जास्त घाबरतात. तिथे येणारा माणूस गुन्हेगार नसतो, त्याच्यासोबत पोलीस नसतो, आणि हरला तर सगळंच हरतो. तेव्हा आई, "दिवाणी घे, नाहीतर फॅमिली कोर्टात जा" हा तुझा सल्ला तिला सुखरूप ठिकाणी नेणारा नाही. तशी धोक्याला कोर्टाची भिंतही लागत नाही. आमच्याच न्यू जर्सीत २०२० साली एका न्यायाधीशबाईंच्या घरी कुरिअरवाला बनून एक वकील आला आणि त्याने त्यांच्या मुलाला गोळी घातली. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, आता न्यायाधीशांनी लेखी कळवलं की त्यांचे घरचे पत्ते जाहीर करता येत नाहीत. ताई, तुझ्या व्हिजिटिंग कार्डावर घरचा पत्ता आहे. तो काढ.

बाकी तुला करण्यासारखं थोडंच आहे. निकालाच्या दिवशी काय होऊ शकतं ते अशिलाला आदल्या भेटीतच खरं सांग. धक्का कोर्टात बसता कामा नये. एस्कॉर्टच्या हवालदाराला सकाळी विचार, गाडीत कसा होता, जेवला का. त्याला जे कळतं ते कुठल्या कागदावर येत नाही. अशील पेटलेला वाटला तर न्यायाधीशांना आधी कळव, पुढची तारीख माग किंवा जादा माणूस माग. त्यात अशिलाचा विश्वासघात नाही, त्याचंच भलं आहे. व्हिडिओवरून हजेरी घ्यायला मात्र पटकन हो म्हणू नको. कोलवाळच्या पडद्यावरून तुझ्याशी तो खासगीत काय बोलणार? मार लागलाय का हे न्यायाधीशांना तरी कसं दिसणार?

आणि एक मला खरंच कळव: तुमच्याकडे साक्षीदार आणि आरोपीचे नातेवाईक एकाच बाकावर बसतात का? इथे दोघांचे दरवाजेसुद्धा वेगळे आहेत.

नाताळात येते आहे, तिकीट मोपाचं काढलंय. भाऊजींनी गाडी घेऊन येऊ नये, मी टॅक्सीने बांद्याला येईन.

तुमची,
मेघा