गुरांचे फुफ्फुस, प्रयोगशाळेत वाढवलेले

महोदय,

वासरांचा न्यूमोनिया हा एकाच जंतूचा आजार क्वचितच असतो. आधी विषाणू श्वासमार्गाचे अस्तर खराब करतो, मग एरवी नाकाघशात निमूट राहणारे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. हा क्रम जिवंत जनावरात टप्प्याटप्प्याने पाहणे अवघड, शिवाय क्रूरही. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वसनऊतींचे मोल मोठे आहे. कत्तलखान्यातून मिळालेल्या श्वासमार्गाच्या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवतात. खाली पोषक द्रव, वर हवा. काही आठवड्यांत त्यांवर हलणारे सूक्ष्म केस येतात, श्लेष्माही पाझरू लागतो. एकाच जनावराच्या पेशींपासून असे अनेक नमुने करता येतात. त्यामुळे विषाणू आधी की जिवाणू, ही तुलना नेमकी होते.

उंदीर इथे फारसे कामाचे नाहीत. या न्यूमोनियात फुफ्फुसात उतरणाऱ्या ‘मॅनहाइमिया हीमोलिटिका’ या जिवाणूचे प्रमुख विष मुख्यतः रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारते. मात्र गंमत अशी, की साध्या ऊती-नमुन्यात या पांढऱ्या पेशीच नसतात! त्या मुद्दाम मिसळाव्या लागतात. रक्ताभिसरण नाही, लांबच्या वाहतुकीचा ताण नाही, गोठ्यातला अमोनियाही नाही. तेव्हा औषधांची पहिली चाळणी या ऊतींवर जरूर व्हावी, पण ‘आता प्राण्यांवरील चाचण्या संपल्या’ अशा थाटाच्या बातम्या देताना थोडा हात आखडता घ्यावा. लस कळपाला वाचवते की नाही, हे अजून कळपातच तपासावे लागते.

— एक पशुवैद्यक