पक्कड माझ्या हाती देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

समक्ष आभार मानायला आलो, तेव्हा आपण चहा पुढे करून विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की आमच्या कृष्णाकाठच्या गावात प्रत्येकाची नजर देवळामागे ठेवलेल्या फायबरच्या बोटीकडे वळते. २०१९ साली तेच पाणी ५७ फुटांवर गेलेले आम्ही पाहिले आहे. त्यामुळे बोट भरली असताना तिचे अंग पिळवटू न देणारा आतला आडवा पडदाच सुटून कुरकुरू लागला, तेव्हा आमची झोप उडाली होती.

आधीच्या कारागिराने जुन्या रंगावरच रेझिन आणि काचतंतूंची मॅट थापली, वरून नवा रंग दिला आणि काही विचारले की "विश्वास ठेवा" एवढेच ऐकवले. पहिल्याच पावसाळ्यात ती पट्टी वाळल्या सालीसारखी निघाली. पैसे मात्र त्याने आगाऊ घेतले होते. तेवढी तत्परता मान्य केली पाहिजे.

आपण हत्याराला हात लावण्याआधी बोटीच्या बाहेरच्या अंगावरून तळवा फिरवलात आणि एका बारीक उंचवट्यापाशी थांबलात. त्या आडव्या पडद्याच्या प्लायवूडची कड ठोकून थेट फायबरला भिडवल्यामुळे सगळा भार त्या एका रेषेवर येत होता. तिथे फट ठेवून फोमची पट्टी का बसवायची, कोपऱ्याला पुट्टीची गोलाई का द्यायची आणि दोन्ही अंगांनी चढवलेल्या काचतंतूंच्या कापडाच्या थरांच्या कडा एकाच जागी का संपू द्यायच्या नाहीत, हे आपण आमच्या पथकातल्या पोरांना बसवून समजावलेत.

तरीही माझ्या मनात घर करून राहिली आहे ती पक्कड. आमच्या चेहऱ्यावरची शंका आपण ओळखली असावी, कारण आपण कापडाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवल्यात, एक जुन्या रंगावर आणि दुसरी ग्राइंडरने खरवडून उघड्या केलेल्या कोरड्या फायबरवर, आणि दुसऱ्या दिवशी पक्कड माझ्या हाती देऊन म्हणालात, "तुम्हीच ओढून बघा." पहिली रंगासकट हातात आली. दुसरीला मी पाय रोवून ओढले, तेव्हा मोकळे टोक फाटले, पण चिकटलेला भाग हलला नाही.

सज्जन माणूस गोड बोलतो, असा माझा समज होता. आपण फार थोडे बोलता, आणि ओल्या हाताने प्लायवूडला शिवणाऱ्या पोराला चांगलेच फटकारलेतही. पण आमच्या अज्ञानाचा फायदा घेण्याची पूर्ण सोय असताना आपण तपासणीचे हत्यारच आमच्या हाती दिलेत.

ती अर्धवट पट्टी घासून टाका, असे आपण जाताना बजावले होते. क्षमा असावी, ती आम्ही ठेवली आहे. पथकात नवा मुलगा आला, की बोटीत चढवून आधी तीच दाखवतो, आणि पक्कडही देतो.

आपला कृतज्ञ,
पूर पथकातील एक नावाडी