नवा कॅमेरा विकण्याआधी जुना तपासायला शिकवणाऱ्या भाऊंना

राम राम भाऊ,

जळगावच्या गोलाणी मार्केटात तुमचं काउंटर आणि इकडे अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहाद्याला आमची कॉम्प्युटर सेंटरं. ऑनलाइन मुलाखत, परीक्षेचा सराव, भरतीच्या अर्जासाठी कॅमेऱ्यासमोर काढायचा फोटो, ही कामं आली की 'कॅमेरा चालत नाही' हे सोबत आलंच. नवा वेबकॅम गळ्यात मारून तुम्ही मोकळे झाला असतात. तसं न करता फोनवर तपासणीचा क्रम सांगत बसलात. त्यासाठी हे जाहीर आभार. तो क्रम इथे लिहूनही काढतो, म्हणजे खान्देशातल्या बाकी सेंटरवाल्यांच्या हाती पडेल.

तुमचा पहिला प्रश्न कायम दिव्याचा. कॅमेऱ्याशेजारचा बारीक एलईडी लागतो का? लागतोय आणि तरी चित्र काळं, तर कॅमेरा बहुतेक ठणठणीत असतो, आड काहीतरी आलेलं असतं. लॅपटॉपच्या वरच्या पट्टीत सरकतं झाकण असतं, काही मॉडेलमध्ये ते बंद असल्याचं दाखवायला लाल किंवा केशरी ठिपका दिसतो. कीबोर्डच्या वरच्या एफ-रांगेतलं (एफ१ ते एफ१२) कॅमेऱ्याचं बटण मात्र वेगळं प्रकरण आहे. काही लॅपटॉपमध्ये ते कॅमेऱ्याचा यूएसबी जोडच तोडतं, मग दिवाही लागत नाही आणि विंडोजला कॅमेरा दिसतही नाही. गिऱ्हाइकाने चुकून दाबलेलं असतं आणि आपण ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कॅमेरा चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, शोधत बसतो.

दिवा लागत नसेल तर एररचे शेवटचे चार आकडे बघायचे, तेही विंडोजच्या स्वतःच्या कॅमेरा अॅपमध्ये. मीटिंगची अॅप्स कारण धड सांगत नाहीत. शेवटी ४२४४ असेल तर विंडोजला कॅमेरा सापडलेलाच नाही. ४२४३ असेल तर सापडलाय, पण दुसरं कुठलं तरी अॅप तो धरून बसलंय: ब्राउझरचा विसरलेला टॅब, नाहीतर घड्याळाजवळ लपलेलं मीटिंगचं अॅप. ते टास्क मॅनेजरमधून बंद केलं की काम झालं. फोन करणाऱ्याला हे चार आकडे वाचून दाखवायला सांगा, निम्मी चौकशी तिथेच आटोपते.

मग परवानग्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा असं गेलं की सगळ्यात वरचं बटण पूर्ण मशीनसाठी, त्याखालचं अॅप्ससाठी आणि यादीच्या तळाशी डेस्कटॉप अॅप्ससाठी वेगळं. क्रोम या तळाच्या बटणात मोडतं आणि लोक नेमके तिथवर खाली जात नाहीत. त्यावर ब्राउझरची परवानगी पुन्हा साइटप्रमाणे वेगळी. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ती द्यायची. पत्ता एचटीटीपीएसचा नसेल तर ब्राउझर त्या साइटला कॅमेरा देतच नाही, कितीही परवानग्या चाळा. काही अँटिव्हायरसही वेबकॅम अडवतात, तेही पाहून घ्यावं.

बाहेरून लावायच्या वेबकॅमचा खरा घोळ पोर्टात असतो. कॅबिनेटचे पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल किंवा हलकी असली की कॅमेरा मधेच गायब होतो. म्हणून थेट मागच्या पोर्टात लावून बघायचं. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. वेगळा अॅडॅप्टर नसलेल्या हबच्या (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीच्या) एकेका पोर्टाला मात्र १०० मिलिअँपिअरच मिळायची हमी, त्यावर कॅमेरा उपाशीच. साधी केबल एक्स्टेन्शन धरून ५ मीटरच्या आत ठेवायची. आपल्याकडे जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत पोर्टात कापसाची मऊ तूस बसते. मशीन बंद करून कोरड्या ब्रशने ती काढावी, फुंकू नये, तोंडातला ओलावा आत जातो.

लाइट गेल्या-आल्यावर कॅमेरा नाहीसा झाला तर रिस्टार्ट करा. शटडाऊनने भागत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि गोंधळही त्याच्यासोबत परत येतो.

ड्रायव्हर या सगळ्यानंतर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड २२ म्हणजे कुणीतरी डिसेबल केलेला, राइट क्लिक करून इनेबल करायचा. कोड ४३ दिसला तर आधी केबल आणि पोर्ट बदला. कंपनीचा ड्रायव्हर घालून बिघडलं असेल तर अपडेट ड्रायव्हरमध्ये यादीतून निवडायच्या पर्यायावर जाऊन 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' निवडा. बहुतेक वेबकॅमना विंडोजचा हा अंगचा ड्रायव्हर पुरतो. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं कुणी उतरवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

भाऊ, तुमची सगळ्यात कामाची शिकवण उजेडाची. एप्रिल-मेत पारा ४५ च्या वर जातो, लोक दारं-खिडक्या लावून पडदे ओढून बसतात. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड गोळा करतो, सेकंदाला ३० फ्रेमच्या १५ किंवा त्याहून कमी होतात आणि चेहरा अडखळत हलतो. शिव्या मात्र इंटरनेटवाल्याला! चेहऱ्यासमोर एक बल्ब लावला की फरक लगेच दिसतो. पाठीमागे खिडकी नको. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेरा अॅपच्या सेटिंगमध्ये फ्लिकर रिडक्शन ५० हर्ट्झवर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, पुष्कळदा तिथे ६० लावलेलं असतं.

आणि १०८०पीचा कॅमेरा यूएसबी २.० वर कच्चं चित्र का देत नाही, हे तुम्ही गणितानेच पटवलंत. १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम: जवळपास ९९५ मेगाबिट. पोर्टाची कागदावरची मर्यादा ४८०. म्हणून एमजेपीईजी, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून लहान करून पाठवायचा प्रकार, निवडायचा. एकाच हबवर दोन कॅमेरे लावले की दुसरा का रुसतो, तेही याच हिशोबात आलं.

लॅपटॉपचा पडदा एका ठरावीक कोनात आला की कॅमेरा जातो, मागेपुढे केला की येतो, तर बिजागरीतली बारीक केबल झिजलेली असते. ते काम आम्ही हाती घेत नाही. तसे लॅपटॉप यापुढेही तुमच्याकडेच येतील, कोणत्या कोनात चित्र जातं त्याची चिठ्ठी आत ठेवून.

आपले,
अमळनेर, चोपडा, शिरपूर आणि शहाद्याचे सेंटरवाले